स्पीकरच्या पेट्यांना व्हिनाइल लावताना : एमडीएफची तयारी, सांध्याची जागा आणि आपल्याकडचा उन्हाळा

तापीकाठ, भुसावळ
नमस्कार मंडळी. साडेसहा इंची वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) आणि एक इंची ट्विटर (बारीक आवाजाचा) यांच्यासाठी मी 18 मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीत, दोन पेट्या तयार केल्या आहेत. प्रत्येक पेटीचे बाहेरचे माप उंची 38, रुंदी 22 आणि खोली 28 सेंटिमीटर आहे. आवाजाच्या बाबतीत मी समाधानी आहे, आता बाहेरचे फिनिशिंग तेवढे उरले आहे. सुतारदादांचे म्हणणे असे की सनमायका लावा आणि मोकळे व्हा. परंतु सनमायकाच्या कडेला जी काळपट रेघ दिसते ती मला नको आहे, आणि रंगकामाला लागणारी धूळविरहित जागा माझ्याकडे नाही. म्हणून अक्रोडाच्या रेषा असलेले, मागे गोंद असलेले व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म, लावायचे ठरवले आहे.

माझ्या शंका अशा : गावातल्या रेडियमच्या दुकानात मिळते ती फिल्म चालेल, की फर्निचरसाठी वेगळी येते ती घ्यावी? एमडीएफवर आधी काय लावावे? सांधा कुठे घ्यावा? आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येणार आहेत, तोपर्यंत काम व्हावे अशी इच्छा आहे. पण भुसावळचा चैत्र-वैशाख तुम्ही जाणताच. हे काम या दिवसांत करावे की पाऊस पडेपर्यंत थांबावे?

लाकूडभुसा, धुळे
फिल्मपासून सुरुवात करतो, कारण तिथेच निम्मे लोक चुकीच्या दुकानात शिरतात. व्हिनाइल दोन पद्धतींनी बनते. कॅलेंडर पद्धतीत गरम पीव्हीसी रोलरांमधून दाबून, ओढून त्याचा पातळ पत्रा काढतात, त्यामुळे तो ताण फिल्मच्या अंगात शिल्लक राहतो आणि उष्णता मिळाली की ती थोडी आखडते. कास्ट पद्धतीत द्रवरूप मिश्रण कागदावर पसरून भट्टीत वाळवतात, त्यामुळे तिच्यात असा ताण जवळजवळ नसतो आणि ती गाडीच्या बंपरसारख्या दुहेरी वळणांवरही बसते. हे ऐकून पुष्कळ जण गाडीच्या रॅपिंगची महागडी कास्ट फिल्म घेतात. माझ्या मते पेटीसाठी ते पैसे वाया जातात. पेटीला दुहेरी वळण नसतेच. सपाट पाट्या आणि सरळ कडा एवढेच असते. शिवाय 80-90 मायक्रॉनची ती पातळ फिल्म खालचा प्रत्येक खडा आणि प्रत्येक ओरखडा वर दाखवते.

फर्निचरची सजावटी फिल्म 150 ते 200 मायक्रॉनच्या घरात असते, तिच्यावर लाकडाच्या रेषांचा उठावही असतो, आणि तो उठाव लहानसहान दोष झाकतो. रेडियमच्या दुकानात बहुधा स्वस्त प्रकारची कॅलेंडर फिल्म असते. ती पाट्या आणि नंबरप्लेटसाठी ठीक आहे, पण ती अधिक आखडते. दुकानदाराला फक्त एवढे विचारा की ही मोनोमेरिक (स्वस्त, जास्त आखडणारी) आहे की पॉलिमेरिक (कमी आखडणारी). उत्तर देता आले नाही, तर मोनोमेरिक समजून पुढे निघा.

ऑफकट, चाळीसगाव
वरच्याशी सहमत. पण फिल्मपेक्षा एमडीएफची तयारी मोठी आहे, आणि ती कंटाळवाणी असल्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

एमडीएफच्या पाटीचा पृष्ठभाग दाबून गुळगुळीत केलेला असतो, पण कापलेली कड स्पंजासारखी सच्छिद्र असते. कोऱ्या एमडीएफवर फिल्म चिकटते, नाही असे नाही. परंतु ती एमडीएफला न चिकटता त्याच्या सुट्या तंतूंना चिकटते, आणि कोपऱ्यावर जरा ताण आला की तंतूंसकट उचकटते. उचकटलेली फिल्म उलटी करून पाहिली तर गोंदावर भुश्याचा तपकिरी थर दिसतो. तो दिसला की दोष गोंदाचा नसून तयारीचा आहे हे ओळखावे.

म्हणून आधी सगळ्या कडांना राउटरने (लाकूड कोरण्याच्या यंत्राने) 3 मिलिमीटरची गोलाई द्या. राउटर नसेल तर पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून धार घासून बोथट करा. काटकोनी धारेवर फिल्म ताणलेली राहते आणि येता-जाता तिथेच घासून फाटते. मग कडा सील करा, म्हणजे त्यांची छिद्रे बुजवा, पुन्हा घासा, आणि नंतर संपूर्ण पेटीवर सीलरचे दोन पातळ हात द्या. शेवटचा हात वाळल्यावर 320 नंबरचा पेपर हलकेच फिरवा आणि डोळे मिटून तळहात फिरवून पाहा. बोटांना जे जाणवते ते फिल्मवर नक्की दिसणार आहे.

तापीकाठ, भुसावळ
दोघांचेही आभार. सील करण्यासाठी आमच्या पेंटरने दोन पर्याय सांगितले. एक म्हणजे भिंतीची पांढरी पुट्टी, दुसरा म्हणजे पांढरा फेविकॉल पाण्यात कालवून. दोन्ही घरात शिल्लक आहेत. यांपैकी कोणते वापरू?

लाकूडभुसा, धुळे
भिंतीची पुट्टी अजिबात नको. तिचा पाया सिमेंटचा असतो, वाळल्यावर ती खडूसारखी सुटते, आणि फिल्मचा गोंद त्या भुकटीला चिकटून बसतो. खड्डे बुजवायला लाकडाची पुट्टी किंवा गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची दोन भागांची पुट्टी घ्या. हार्डनर मिसळलेली ती पुट्टी लवकर कडक होते आणि घासल्यावर काचेसारखी सपाट येते. स्क्रूच्या डोक्यांवर तर तीच हवी.

फेविकॉलबाबत माझे मत प्रतिकूल आहे. पाण्यामुळे एमडीएफचे तंतू उभे राहतात, कड फुगते, आणि मग घासत बसावे लागते. सरळ एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर घ्या, थिनर मिसळून ब्रशने मारा. आपल्या कोरड्या हवेत तो पाहता पाहता वाळतो.

ऑफकट, चाळीसगाव
इथे माझा मतभेद नोंदवतो. फेविकॉल संपूर्ण पाटीवर लावू नये हे खरे आहे, पण फक्त कापलेल्या कडांवर, फार पातळ न करता, निम्मे पाणी घालून बोटाने चोळून भरला आणि पूर्ण वाळल्यावर 220 च्या पेपरने घासला, तर छिद्रे चांगली बुजतात. त्यावर मग सीलर मारावा. नुसता सीलर कड इतका पिते की चार-पाच हात दिले तरी ती कोरडीच दिसते. खर्चाचा विचार केला तरी कडेसाठी फेविकॉल आणि पाटीसाठी सीलर हीच वाटणी योग्य आहे.

एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. सीलर हाताला कोरडा लागला म्हणजे आतूनही वाळला असे समजू नका. थिनर आत अडकलेला असताना वरून फिल्म बसली, तर तो वायू बाहेर पडायला जागा शोधतो आणि उन्हाच्या पहिल्या दिवशी फोड येतात. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर थांबावे. ऑइल पेंटवर फिल्म लावण्याचा विचार तर मनातही आणू नये. तो आतून कडक व्हायला कित्येक दिवस घेतो.

लाकूडभुसा, धुळे
कडेपुरते मान्य करतो. मात्र पेटी आतूनही सीलरच्या एका हाताने बंद करा. बाहेरून प्लास्टिक आणि आतून कोरे एमडीएफ असे ठेवले, तर पावसाळ्यात पाटी एकाच बाजूने दमट हवा शोषते आणि फिल्मखाली जोडाची रेघ उमटते. तसेच पेटी नुकतीच चिकटवली असेल, तर जोडातले पाणी पूर्ण वाळून जाऊ द्या आणि मगच शेवटचे घासकाम करा. आज सपाट केलेला ओला जोड पुढे बसतो आणि तिथे केसाएवढी खाच दिसू लागते.

मोजपट्टी, जळगाव
तापीकाठभाऊ, तुमच्या मापांवरून कापणीचा हिशोब मांडून पाहिला. वरची पाटी, दोन बाजू आणि तळ यांच्याभोवती एकच पट्टा फिरवायचा, तर परिघ होतो 2 × (22 + 38) म्हणजे 120 सेंटिमीटर. रोल साधारणपणे चार फुटी, म्हणजे 122 सेंटिमीटर रुंद असतो. त्यामुळे पट्टा रोलच्या रुंदीतून काढण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. लाकडाच्या रेषा रोलच्या लांबीच्या दिशेने छापलेल्या असतात. पट्टा आडवा कापला तर पेटीच्या बाजूंवर रेषा आडव्या, म्हणजे पुढून मागे जाताना दिसतील. लांबीतून कापला तर त्या बाजूवरून उभ्या चढतील, वरच्या पाटीवरून आडव्या जातील आणि दुसऱ्या बाजूने उभ्या उतरतील. अखंड लाकडाचा आभास त्यातूनच येतो.

तेव्हा 125 सेंटिमीटर लांब आणि 32 रुंद असे दोन पट्टे घ्या. 28 ही खोली आणि पुढे-मागे दोन-दोन सेंटिमीटर वळवायला. दोन पट्टे 64 सेंटिमीटर रुंदी खातात, उरतात 58. त्यात पुढच्या आणि मागच्या पाट्यांचे 26 × 42 चे चार तुकडे, दोन शेजारी आणि दोन खाली, आरामात बसतात. म्हणजे गणिताने सव्वा मीटर पुरते. तरीही मी दीड मीटर घेईन, कारण रोलच्या कडेला बहुधा चेंबलेले असते, आणि नंतर आणलेल्या तुकड्याची छटा पहिल्याशी जुळेलच असे नाही.

पट्ट्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही तळाला घ्या, दीड सेंटिमीटर एकमेकांवर चढवून. टोकाला टोक भिडवू नका. पीव्हीसी तापमानाच्या एका अंशाला दहा लाखांत सत्तरच्या आसपास प्रसरण पावते, एमडीएफ त्यापेक्षा पुष्कळ कमी. आज 40 अंशांत लावलेला 120 सेंटिमीटरचा मोकळा पट्टा पौषात 10 अंशांवर सुमारे अडीच मिलिमीटर आखूड होऊ पाहील. गोंद त्याला बहुतांशी धरून ठेवतो, पण भिडवलेला सांधा हा ताण सगळ्यात आधी दाखवतो. धुळ्याकडची थंडी तर आणखी खाली जाते, हे लाकूडभुसा सांगतीलच.

लाकूडभुसा, धुळे
सांगायची गरज नाही, पहाटे हीट गनसमोर हात शेकले आहेत.

केळीचे पान, रावेर
उन्हाळ्याबद्दल कोणी तरी लिहील म्हणून वाट पाहिली. बहुतेक फिल्मच्या माहितीपत्रकांत लावण्याचे तापमान साधारण 15 ते 30 अंश दिलेले असते. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. अशा वेळी दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हे काम काढले तर दोन गोष्टी होतात : गोंद इतका आक्रमक होतो की एकदा टेकलेली फिल्म पुन्हा उचलता येत नाही, आणि फिल्म इतकी मऊ पडते की हात लावताच ताणली जाते. ताणून बसवलेली फिल्म नंतर आपल्या मूळ मापावर परतू पाहते.

तरीही पावसाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहाटे पाच ते सात या वेळात, उत्तरेच्या खोलीत काम करा. घरात जुनी धाब्याची खोली असेल तर तिच्याइतकी चांगली जागा नाही, फक्त वरून माती गळत असेल तर आधी छताला चादर बांधा. पेट्या आणि फिल्म दोन्ही रात्रभर त्याच खोलीत ठेवा, म्हणजे दोघांचे तापमान सारखे होईल. कूलर चालू ठेवून खोली आधी गार करा, परंतु फिल्मचा मागचा कागद सोलण्यापूर्वी तो बंद करा. त्यातून येणारे पाण्याचे तुषार आणि वाळ्याच्या काड्यांचा चुरा थेट गोंदावर बसतो. वाऱ्यावावटळीच्या दिवशी तर खिडकी उघडूच नका.

साउंडवाला, शहादा
मध्येच बोलतो. आमच्याकडे लग्नाच्या हंगामातल्या टॉप आणि बेसच्या पेट्या आहेत, टेम्पोत चढवायच्या-उतरवायच्या. त्यांना हे व्हिनाइल चालेल का? आणि यामुळे आवाजात काही फरक पडतो का?

मोजपट्टी, जळगाव
टेम्पोतल्या पेट्यांना नको. दोरखंड आणि हुकाने एका हंगामात चिंध्या होतील. त्यांना टेक्श्चर पेंट किंवा जाड रेक्झीनच बरे. आवाजाचे म्हणाल, तर 18 मिलिमीटर एमडीएफचे वजन चौरस मीटरला सुमारे 13 किलो भरते आणि 200 मायक्रॉन फिल्मचे पाव किलोच्या आसपास. एवढ्याने पाटीचे कंपन बदलत नाही. फिल्ममुळे बेस घट्ट झाला असे कोणी सांगितले, तर ऐकून घ्यावे आणि विषय बदलावा.

तापीकाठ, भुसावळ
तुमच्या सांगण्याप्रमाणे कडा फेविकॉलने भरून, घासून, सीलरचे दोन हात दिले आहेत. हाताला आता पाटी काचेसारखी लागते. फर्निचरची फिल्म जळगावहून आणली, दीड मीटर. रेडियमच्या दुकानातला मुलगा मदतीला यायला तयार आहे, पण तो म्हणतो की शांपूचे पाणी फवारून लावू, म्हणजे सरकवता येते. काचेवर त्याने तसे सुरेख काम केलेले मी पाहिले आहे. शिवाय सुतारदादा म्हणतात की फिल्मचा स्वतःचा गोंद पुरणार नाही, खाली सनमायकाचा रबरी गोंद लावूनच घ्या.

ऑफकट, चाळीसगाव
मुलाला जरूर बोलवा, त्याचा हात बसलेला आहे, पण पाणी घरीच ठेवायला सांगा. काच पाणी पीत नाही, त्यामुळे ते रेटून बाहेर काढता येते. एमडीएफ कितीही सील केले तरी स्क्रूच्या आणि ड्रायव्हरच्या (वूफर-ट्विटरच्या) भोकांतून पाणी आत शिरते. तुमच्या फिल्मच्या मागे हवा निघून जाण्यासाठी बारीक जाळी असेल, तर पाण्याने तीही निकामी होते. कोरडेच लावा : वरच्या टोकाचा कागद चार-पाच सेंटिमीटर सोलून ती कड बसवायची, मग एकाने कागद खालून ओढत जायचे आणि दुसऱ्याने फेल्ट लावलेली पट्टी मधून कडेकडे फिरवत यायचे. पूर्ण कागद एकदम सोलून फिल्म हवेत धरली, तर ती स्वतःलाच चिकटते.

रबरी गोंद मात्र साफ नको. त्यातला सॉल्व्हंट फिल्मच्या गोंदाला मऊ करतो, आणि फिल्म प्लास्टिकची असल्याने त्याला बाहेर पडायला वाट नसते. सनमायकाला तो चालतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना लावून, वाळवून मगच दाबतात. तुम्हाला कोपऱ्यांवर जादा पकड हवी असेल, तर फिल्मवाल्यांकडे कडांसाठीचा प्रायमर मिळतो, तो फक्त वळवलेल्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीखाली पातळ लावा. लावण्यापूर्वी पेटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कपड्याने पुसा. थिनरने पुसलीत तर सीलर विरघळेल.

आता कोपऱ्याचे. पट्टा बाजूंवर बसला की पुढे दोन सेंटिमीटरचे चार पंख उभे राहतील. लांब पंख आधी हीट गनच्या सर्वांत कमी आचेवर, नाहीतर हेअर ड्रायरने, कोमट करून पुढच्या पाटीवर वळवा. कोपऱ्यावर दोन पंख एकमेकांवर चढतील. तिथे पोलादी पट्टी 45 अंशांत ठेवून, नव्या पात्याने दोन्ही थर एकदम कापा, वरची आणि खालची कात्रण काढून टाका, आणि दोन्ही कडा दाबा. काप कोपऱ्याच्या अगदी टोकापासून सुरू करू नका. टोकाच्या एक मिलिमीटर आतून करा, नाहीतर ऐन टोकावर एमडीएफचा तपकिरी ठिपका उघडा पडतो आणि नजर तिथेच जाते. पाते बोथट झाले की फिल्म कापली जात नाही, ओढली जाते. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला पात्याचा एक तुकडा मोडा.

सगळे बसल्यावर वळणांवर पुन्हा उष्णता द्या. यामुळे वाकवलेल्या फिल्ममधला ताण मोडतो. पण आच फिरती ठेवा; मॅट फिल्म एका जागी जास्त तापली की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. पीव्हीसी जळू लागले तर त्याचा धूर घातक असतो, दार उघडे असू द्या.

मोजपट्टी, जळगाव
पुढच्या पाटीवर एक अडचण राहते. पंख दोन सेंटिमीटर आत येतात, त्यावर पाटीचा तुकडा लावला की पंखाची कड खालून उमटते, आणि तिरप्या उजेडात चौकट दिसते. मागच्या बाजूला हे कोणी पाहत नाही. पुढे मात्र गोलाई जिथे संपते तिथून चार-पाच मिलिमीटर आत पट्टी ठेवून पुन्हा तसाच दुहेरी काप घ्यावा, म्हणजे दोन्ही थर एका पातळीत भिडतात. हा सांधा थंडीत केसभर उघडू शकतो, म्हणून फिल्म लावण्यापूर्वीच त्या रेषेखाली सीलरवर गडद तपकिरी मार्करची रुंद रेघ ओढून ठेवा. फट पडली तरी फिकट एमडीएफ डोकावणार नाही.

लाकूडभुसा, धुळे
माझे मत विचाराल तर पुढच्या पाटीला फिल्म लावूच नका. पंख वळवण्याऐवजी पट्टा पुढच्या कडेशी संपवा, आणि पाटी मॅट काळ्या रंगाने रंगवून वर कापडी जाळी बसवा. बहुसंख्य जुन्या स्पीकरांत हेच दिसते, त्यात दुहेरी कापाची कसरत नाही. कारखान्यात तर ते फिल्म आधीच सपाट पाटीवर दाबून घेतात, आतून 45 अंशांची व्ही-खाच मारतात आणि पाटी घडी घालतात. फिल्म बिजागरीसारखी वळते, त्यामुळे कोपऱ्यावर सांधाच येत नाही. आपली पेटी आधीच चिकटलेली आहे, तेव्हा त्यांच्याशी कोपऱ्याची स्पर्धा करण्यात अर्थ नाही.

तापीकाठ, भुसावळ
मला पुढची पाटीही अक्रोडीच हवी आहे, जाळी लावणार नाही. त्यामुळे मोजपट्टींचा मार्ग धरतो. शेवटची शंका : वूफरची रिंग पाटीच्या पातळीत बसावी म्हणून मी खाच मारलेली आहे आणि ती रिंगला अगदी बरोबर आहे. फिल्म त्या खाचेत उतरवायची का?

लाकूडभुसा, धुळे
उतरवू नका. फिल्म 200 मायक्रॉनची असेल तर खाचेच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी मिळून व्यास 0.4 मिलिमीटरने कमी होईल, आणि बरोबर बसणारी रिंग अडेल. ठोकून बसवलीत तर फिल्मच्या कडेला सुरकुती येईल. त्याऐवजी खाचेची भिंत आणि तळ आताच काळ्या रंगाने रंगवून पूर्ण वाळू द्या. फिल्म भोकावरून सरळ पसरवा, मध्ये फुलीचा छेद देऊन हवा सोडा, आणि पाते खाचेच्या भिंतीला टेकवून गोल फिरवा. रिंगखालची गॅस्केट मग फिल्मवर न बसता सपाट, रंगवलेल्या एमडीएफवर बसेल आणि हवा गळणार नाही. ट्विटरलाही हेच. फिल्म बसल्यावर निदान एक दिवस पेट्या उभ्या राहू द्या, स्क्रू त्यानंतर आवळा, आणि स्क्रूची भोके आधीच पाडून ठेवलेली असू द्या. ड्रिलचे फिरते टोक फिल्ममध्ये अडकले तर ती गुंडाळून वर घेते.